नव्वीनंतरचा पत्ता

मला पत्त्यांची एकच जादू धड येते. मिरजेला मामाच्या घरी, मे महिन्यातल्या दुपारी, बदाम सात खेळून कंटाळा आला की मामा ती करायचा. नवव्या-दहाव्या वर्षी मी त्याच्या मागे लागून ती शिकले आणि आता चाळिशी उलटली तरी तेवढ्यावरच माझं भागतं. तयारी लागत नाही, खास कॅट लागत नाही. कोणाच्याही घरातले, कोपरे दुमडलेले, जोकर हरवलेले पत्ते चालतात. समोरच्याने पत्ते पिसायचे, एक ओढायचा, बघून लक्षात ठेवायचा, परत ठेवायचा, हवे तितक्या वेळा कापायचे. मग मी वरून एकेक पत्ता उघडा करून टेबलावर टाकते आणि सांगते, ‘प्रत्येक पत्त्याला नाही म्हणा. तुमचा पत्ता आला तरी नाहीच म्हणा. तुमचं खोटं मी ओळखीन.’

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस नवऱ्याच्या ऑफिसातली चार-पाच माणसं आमच्याकडे जेवायला आली होती. आम्ही बेंगळुरूला जयनगरात राहतो. जेवणं झाली आणि वळवाचा पाऊस कोसळला. दिवे गेले, टॅक्सी मिळेना. मेणबत्त्या लावल्या, मुलीच्या खणातून पत्ते काढले. अशा वेळी आमच्या घरात इंग्रजी, हिंदी, कानडी, मराठी असं सगळंच चालू असतं. पाहुण्यांपैकी एकजण पुढे सरसावले. नव्या मुलांच्या मुलाखती घेणं हे त्यांच्या कामातलं एक मोठं काम. त्यांनी पत्ते पिसले, एक ओढला, ठेवला, कापले. मी टाकत गेले. नाही, नाही, नाही. बदामची राणी पडली. नाही. आणखी दोन पत्ते पडू दिले आणि थांबले. म्हटलं, ‘बदामची राणी. तुमचा आवाज तिथे किंचित खाली आला.’

सगळे ओरडले. मला लक्षात राहिलं ते त्यानंतरचं. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, ‘हो, मलासुद्धा तो आवाज जाणवला होता.’ तिसरा म्हणाला, ‘आणि डोळे! डोळे खाली गेले होते.’ ज्यांचा पत्ता होता ते स्वतःच म्हणाले, ‘मी सांभाळायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.’ आवाज खाली आला नव्हता. आला असला तरी मी ऐकला नव्हता, कारण माझं लक्ष तिथे नव्हतंच.

स्वयंपाकघराच्या दारात आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी उभ्या होत्या. पाहुण्यांसाठी त्या उशिरापर्यंत थांबल्या होत्या. त्या विजापूर जिल्ह्यातल्या, इंडीकडच्या. त्यांच्या कानडीत मराठी शब्द पेरलेले असतात आणि माझ्या मराठीत आता कानडी, त्यामुळे आमचं बरं जमतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कणीक मळता मळता विषय काढला. दोन महिन्यांपूर्वी त्यांचे कानातले झुबे घरातून गेले होते. भिशीच्या पैशांतून केलेले, चार ग्रॅमचे. घरात बाहेरचं कोणी येत नाही. धाकट्या मुलाचं लग्न होऊन सहा महिने झालेले. पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला कळलं. मग हात धुऊन त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ‘ताई, तुम्ही एकदा घरी या. सुनेला समोर बसवते. तुम्ही पत्ते टाका. ती नाही नाही म्हणत राहील. तुम्हाला कळेल ना! तुम्ही फक्त मला सांगा, मी कुणाला काही बोलणार नाही.’

मी ‘उद्या बोलू’ म्हणून वेळ मारून नेली. तो दिवस मात्र काही केल्या कामात गेला नाही. एका कानडी कादंबरीचं भाषांतर चालू होतं, त्याच पानावर संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

मावशींची चूक काय होती, हे मी शोधू लागले आणि मला ती सापडेना. मी आदल्या रात्री काय म्हटलं होतं? माणूस खोटं बोलला की मला ओळखता येतं. पत्त्यांत येतं तर झुब्यांत का येऊ नये? उलट पाहुण्यांपेक्षा मावशींनी माझं वाक्य जास्त गंभीरपणे घेतलं होतं. पाहुणे त्याचा आनंद घेऊन घरी गेले. मावशींनी ते वापरायला मागितलं.

खरी गोष्ट इतकी साधी आहे की सांगताना लाज वाटते. पिसलेले पत्ते हातात परत घेताना मी सर्वांत खालचा पत्ता बघून ठेवते. त्या रात्री तो किलवरची नव्वी होता. समोरच्याने आपला पत्ता गठ्ठ्यावर ठेवला आणि गठ्ठा कापला की खालचा अर्धा भाग वर येतो, म्हणजे नव्वी नेमकी त्याच्या पत्त्यावर येऊन बसते. नंतर कितीही वेळा कापलं तरी पत्त्यांचा क्रम मोडत नाही, गोल फिरवलेल्या माळेसारखा तो फक्त सरकतो. मी पत्ते टाकत जाते आणि नव्वीची वाट बघते. नव्वीनंतरचा पत्ता त्याचा. त्याचा आवाज, डोळे, श्वास यांचा काडीचाही संबंध नाही. तो तोंडात गुळणी धरून बसला तरी मी सांगू शकेन.

मामाचे जादूचे दोन नियम होते. एकच जादू एकाच माणसासमोर पुन्हा करायची नाही, आणि कशी केली ते सांगायचं नाही. धंदेवाईक जादूगारांचाही हाच नियम असतो आणि त्यांच्या बाबतीत तो नुसता रिवाज नाही, पोटाचा प्रश्न आहे. मला तो नियम आजही मान्य आहे. कसं केलं ते न सांगणं हे काही खोटं बोलणं नव्हे. मूठ झाकलेली ठेवणारा माणूस तुम्हाला एवढंच सांगत असतो की मुठीत काहीतरी आहे. पण मामा पत्ता ओळखून गप्प बसायचा, मिशीतल्या मिशीत हसायचा. ‘तुमचा आवाज खाली आला’ हे वाक्य त्याचं नाही. ते मी कधीतरी पुढे जोडलं, बहुतेक कॉलेजात. तिथे मूठ झाकलेली राहत नाही. मी ती उघडते आणि आत नसलेली वस्तू दाखवते. युक्ती लपवणं एक आणि तिच्या जागी खोटं कारण ठेवणं दुसरं. इतकी वर्षं मी या दोन्हींना एकच समजत आले होते.

तरी मनात एक पळवाट होतीच. मी कुठे दैवी शक्ती सांगितली? मी तर ‘निरीक्षण’ म्हणाले. आजच्या रंगमंचावरचे मनकवडे खेळ करणारे बरेच जण असंच सांगतात, की हे चमत्कार नाहीत, हे मानसशास्त्र आहे, देहबोली आहे. ऐकायला ते प्रामाणिक वाटतं, आणि म्हणूनच ते जास्त पटतं. बेंगळुरूच्या दिवाणखान्यात अंगात येणं खपणार नाही, पण ‘सूक्ष्म हावभाव’ लगेच खपतात. ज्याचा त्याचा देव्हारा वेगळा, एवढाच फरक. प्रत्यक्षात चेहरा आणि आवाज यांवरून खोटं ओळखण्यात माणसं किती तरबेज असतात? बाँड आणि डीपॉलो या दोन संशोधकांनी २००६ साली शेकडो प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा सरासरी निघाली १०० पैकी ५४. नाणं उडवलं तर ५० येतात.

जादूच्या खेळात बाहेरून काही कळत नाही, हेही खरं. याच शहरात १९२९ साली शकुंतलादेवी जन्मल्या. वडिलांनी घराण्याचं पौरोहित्य नाकारून सर्कशीची वाट धरलेली. मुलगी तीन वर्षांची असताना तिच्याबरोबर पत्त्यांची जादू खेळत होते, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पोरगी हातचलाखी करत नाही, तिला सगळे पत्ते नुसते पाठ होतात. सर्कस सोडून ते तिला घेऊन गावोगाव खेळ करू लागले. पुढे १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांनी १३ आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला. १९८८ मध्ये बर्कलीला आर्थर जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने त्यांची तपासणी केली, तेव्हा त्याची वहीत नोंद पुरी होण्याआधी त्यांचं उत्तर तयार असे.

मला त्या तीन वर्षांच्या मुलीसमोर बसलेला प्रेक्षक डोळ्यांपुढे येतो. त्याच्या दृष्टीने तिचा खेळ आणि माझा खेळ यांत फरक काय? दोघींनी पत्ता ओळखला. एकीने स्मरणाने, दुसरीने नव्वीने. ते त्याला दिसत नाही, दिसणारही नाही. त्याच्यापाशी उरतो तो फक्त खेळ करणाऱ्याचा शब्द. शकुंतलादेवींनी पुढे ज्योतिषही सांगितलं. लोक त्यांच्याकडे कुंडली घेऊन जात. त्यांतले कितीतरी जण त्या गुणाकाराच्या भरवशावर गेले असतील असं मला वाटतं. गुणाकार खरा होता, पण त्याची साक्ष कुंडलीला लागू होत नव्हती. एका ठिकाणी कमावलेला विश्वास न विचारता दुसऱ्या ठिकाणी वाहून जातो, आणि माझ्या बाबतीत तर मुळात कमावलेलं काहीच नव्हतं.

आपल्याकडे हा खेळ जुना आहे. लहानपणी दारात गुबुगुबु वाजवत नंदीबैलवाला यायचा. ‘पाऊस पडंल का?’ बैल मान हलवायचा. ‘पोरगी पास व्हईल का?’ पुन्हा मान. कानडी मुलखात त्यालाच कोले बसव म्हणतात. धन्याच्या आवाजाची, वाद्याची, दोरीच्या ओढीची खूण बैल बरोबर ओळखतो, हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं. सुपात धान्य ती तरी घालायचीच. मला यात मोठा शहाणपणा दिसतो. ‘नंदीबैलासारखी मान डोलावू नकोस’ असं आपण म्हणतो, म्हणजे बैलाला स्वतःचं मत नाही हे गुपित भाषेनेच उघड करून ठेवलं आहे. खेळही राहिला आणि फसवणूकही नाही.

बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करून खुरांनी उत्तर देई. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिलं, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नाही. आकडा जवळ आला की विचारणाऱ्याच्या मानेत, अंगात नकळत ढिलाई येई आणि घोडा तिथे थांबे. घोड्याच्या मालकाने ते अखेरपर्यंत मानलं नाही. तो लबाड नव्हता, त्याचा स्वतःचाच विश्वास बसला होता. त्या दिवशी मला त्याची भीती वाटली. मीही आणखी दहा वर्षं ते वाक्य म्हणत राहिले असते, तर आपल्याला आवाजातलं काहीतरी खरंच कळतं असं मलाही वाटू लागलं असतं.

आणि मावशींची सून? चोर ओळखण्याच्या जुन्या रीतींत एक रीत मंतरलेल्या तांदळांची. संशयितांना ओळीत बसवायचं, प्रत्येकाला मूठभर कोरडे तांदूळ चावायला द्यायचे, ज्याचे कोरडे राहतील तो चोर. अंगठ्याच्या नखाला अंजन लावून त्यात चोर बघण्याच्या रीतीपेक्षा ही शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात एक शारीरिक तथ्य आहे. भीतीने तोंडाला कोरड पडते. पण कोणाच्या? सहा महिन्यांपूर्वी परक्या घरात आलेली, वीस-एकवीस वर्षांची, आपल्यावर संशय आहे हे ठाऊक असलेली मुलगी. शेजारपाजारच्या बायका भोवती बसलेल्या. समोर शहरातली शिकलेली बाई, जिला म्हणे खोटं कळतं. त्या घरात सर्वांत कोरडे तांदूळ तिच्याच तोंडातून निघाले असते. झुबे घेतले असते तरी आणि नसते तरी.

हे काही इंडी तालुक्यापुरतं नाही. खोटं पकडण्याचं यंत्र नाडी, श्वास आणि घाम मोजतं, म्हणजे तेही तांदळांचंच काम करतं. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपींना दोषी ठरवताना मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. ती चाचणी विकसित करणारे मानसशास्त्रज्ञ आमच्या बेंगळुरूच्या निम्हान्समधले. वाक्यं ऐकवायची आणि मेंदूत ‘अनुभवाची आठवण’ उमटते का ते बघायचं. आरोपीने तोंडाने हो म्हणायची गरज नाही, नाही म्हणायचीही नाही. दोनच वर्षांनी, ५ मे २०१० रोजी, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची अशी चाचणी कोणावरही बळजबरीने करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसणं हा राज्यघटनेने दिलेला हक्क आहे आणि मनालाही खासगीपण असतं. कानडीत घराला ‘मने’ म्हणतात आणि मनाला ‘मन’. भाषांतर करताना एका मात्रेने मी अनेकदा फसले आहे. त्या निकालाने त्या दोन शब्दांना जणू एकच उंबरठा दिला. न विचारता आत यायचं नाही.

मी खेळात ज्याला ‘तुमचं खोटं ओळखीन’ म्हणते, ते खेळात निरुपद्रवी असतं याचं कारण मी भली आहे हे नव्हे. बदामच्या राणीला कोणी घराबाहेर काढणार नसतं, एवढंच.

मग सांगून टाकावं. पण कसं? याबाबतीत दोन थोर माणसं जवळच होती. बेंगळुरू विद्यापीठाचे कुलगुरू असताना एच. नरसिंहय्या यांनी १९७६ साली चमत्कार आणि पडताळून बघता येतील अशा अंधश्रद्धांच्या तपासणीसाठी एक समिती नेमली आणि सत्य साईबाबांना आपले चमत्कार तपासणीला खुले करा असं आवाहन केलं. बाबांनी ते मानलं नाही, गदारोळ मात्र खूप झाला. भौतिकशास्त्राचे हे गांधीवादी प्राध्यापक आयुष्यभर बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजच्या वसतिगृहात एका खोलीत राहिले. त्यांच्या एका लेखसंग्रहाचं नाव ‘तेरेद मन’, म्हणजे उघडं मन. मनकवडा दुसऱ्याचं मन उघडं असल्याचं सांगतो. नरसिंहय्यांना स्वतःचं उघडं ठेवणं अभिप्रेत होतं. तिकडे महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते गावागावांत आधी चमत्कार करून दाखवत. पाणी शिंपडून नारळ पेटवायचा, लोकांनी हात जोडले की आत ठेवलेला सोडियमचा तुकडा दाखवायचा. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. नारळातलं गुपित सांगणं हे काही दिवाणखान्यातलं काम नाही, हे तेव्हा आपल्याला नीट कळलं. त्यांच्या कामाशी माझ्या एका पत्त्याची तुलना करायला मला संकोच वाटतो. पण त्यांचा क्रम मी उचलला. नुसतं ‘असं काही नसतं’ असं ते सांगत नसत. आधी करून दाखवत, मग ते कसं केलं तेही दाखवत आणि गर्दीतल्या कोणालाही स्वतः करून बघता येई.

तिसऱ्या दिवशी पोळ्या झाल्यावर मावशींना खुर्चीवर बसवलं आणि मामाचा दुसरा नियम मोडला. पहिल्यांदा त्यांना पटेना. त्यांना वाटलं, मी टाळते आहे. मग मी पत्ते त्यांच्याच हातात दिले. खालचा पत्ता बघा. मी एक ओढते. वर ठेवते. कापा. पुन्हा कापा. आता टाका आणि तुमच्या पत्त्याची वाट बघा. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा त्यांनी इस्पिकचा गुलाम माझ्यासमोर धरला आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या. लगेच हसू गेलं.

‘म्हणजे तुम्हाला काही कळत नव्हतं.’

‘नाही मावशी.’

‘कुणालाच कळत नाही?’

‘पत्ते टाकून तरी नाही.’

त्या जरा वेळ पत्त्यांकडे बघत राहिल्या. त्यांची निराशा मला दिसत होती. झुबे परत मिळण्याची एक वाट होती, ती मीच दाखवली होती आणि मीच बंद केली होती. मग त्यांनी विचारलं, ‘त्या साहेबांना हे सांगितलंत?’

सांगितलं नव्हतं. सांगायचं मनातही आलं नव्हतं. मावशींना सांगायला हवं होतं कारण त्या ‘भोळ्या’, कारण पुढे काहीतरी वाईट घडलं असतं. साहेबांना सांगायची गरज नव्हती कारण ते शिकलेले, त्यांना कळतंच की हा खेळ आहे. आणि खरं सांगायचं तर, त्यांच्या मनातली ती चलाख, सूक्ष्म नजरेची बाई मला आवडत होती.

दोनेक आठवड्यांनी ते गृहस्थ एका लग्नाच्या स्वागत समारंभात भेटले. आपणहोऊन म्हणाले, ‘तुमची परवा आठवण झाली. एका मुलाला विचारलं, आधीची नोकरी का सोडलीस? म्हणाला, घरची अडचण. आवाज असा खाली आला! म्हटलं, हे काही खरं नाही. नाही घेतला.’

त्या मुलाचं नाव मला माहीत नाही. त्याच्या घरी खरंच अडचण असेल, नसेलही. घरच्या अडचणीबद्दल परक्या माणसापुढे बोलताना माझाही आवाज खाली येतो. कदाचित त्याला इतर काही कारणांनीही घेतलं नसतं, माझ्या एका वाक्यावर कंपन्या चालत नाहीत. तरी मी तिथेच, हातात ताट घेऊन, त्यांना सगळं सांगितलं. नव्वी, कापणं, नव्वीनंतरचा पत्ता. त्यांनी नीट ऐकून घेतलं. अभियंता माणूस, दुसऱ्या वाक्यातच त्यांना क्रम न मोडण्याची गोष्ट कळली. म्हणाले, ‘अच्छा, तर पत्ता तसा कळतो. पण आवाज खाली आला होता, हे तर खरंच. सगळ्यांनी ऐकला.’

हुडिनी जन्मभर सांगत राहिला की माझ्याजवळ युक्तीशिवाय काही नाही, आणि शेरलॉक होम्स लिहिणारा आर्थर कॉनन डॉइल तरीही मानत राहिला की त्याच्याजवळ अलौकिक शक्ती आहे आणि तो ती लपवतो आहे. हा किस्सा मी पूर्वी हसत सांगत असे. युक्ती सांगितली की युक्ती जाते. पण तिच्या जागी ठेवलेलं खोटं कारण जातंच असं नाही. ते तोपर्यंत ऐकणाऱ्याचं स्वतःचं झालेलं असतं, त्याने आपल्या कानांनी ऐकलेलं असतं. मावशींनी मात्र ते सोडून दिलं, कारण त्यांनी पत्ते स्वतःच्या हातांनी टाकून बघितले होते, आणि त्या कारणाने त्यांचं कौतुक काहीच होत नव्हतं.

भाषांतराच्या कामात मला हे आधीच समजायला हवं होतं. मूळ कानडी न येणाऱ्या वाचकासमोर मी रोज ‘लेखकाला असं म्हणायचं आहे’ असं सांगत असते. तो पडताळून बघू शकत नाही. एखाद्या वाक्याशी मी कशी झटले ते त्याला सांगितलं नाही तरी चालतं, ते माझं आणि कागदाचं गुपित. पण मला न कळलेल्या ओळीवर मी सफाईदार मराठी वाक्य ठेवलं, तर तो ते लेखकाचं समजून आपल्याबरोबर घेऊन जातो, आणि नंतर शुद्धिपत्र छापून ते परत येत नाही.

जादू मी अजून करते. ‘तुमचा आवाज खाली आला’ हे वाक्य मात्र काढलं आहे. आता पत्ते टाकते, नाही नाही म्हणवूनही घेत नाही, नव्वीनंतरचा पत्ता बाजूला ठेवते आणि म्हणते, ‘हा तुमचा.’ दाद पूर्वीइतकी मिळत नाही. मोठी माणसं ‘वा’ म्हणून दुसऱ्या विषयाकडे वळतात. लहान मुलं मात्र पत्ते हिसकावून घेतात आणि ‘कसं केलंस?’ म्हणून मागे लागतात. पूर्वी सगळे माझ्याकडे बघायचे, आता पत्त्यांकडे बघतात.

मावशींचे झुबे अजून सापडलेले नाहीत. मी सुनेबद्दल विचारलं नाही. मध्यंतरी एकदा त्यांनी आपणहूनच सांगितलं, की अजून तिला काही विचारलेलं नाही. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, ‘विचारलं तर नाहीच म्हणेल ना, ताई. घेतले असले तरी, नसले तरी.’